आधी नकार लेखी द्या

सरकारी यादीतून कुणाचं नाव गळालं की उत्तर ठरलेलं असतं. तहसील कचेरीतला कारकून ते देतो, मंत्रालयातले साहेब देतात आणि ज्यांना आयुष्यात रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही अशी शहरातली मंडळीही देतात. पैसा करदात्यांचा आहे, तो बोगस लाभार्थ्यांच्या घशात जाऊ नये म्हणून पात्रतेचे नियम कडकच हवेत. आता चाळणी म्हटली की एखादा खरा गरीब अडकायचाच. पण त्याला अपिलाचा मार्ग खुला आहे. कायद्यानं एक सोडून तीन-तीन पायऱ्या दिल्या आहेत. तो अपिलात गेला नाही, म्हणजे त्याची तक्रार नसावी किंवा तो मुळात पात्रच नसावा.

हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं, आणि ते देणारे सगळेच लबाड असतात असंही नाही. त्यांतल्या पुष्कळांना खरोखरच वाटतं की डहाणूच्या जंगलपट्टीतल्या पाड्यावर राहणारी म्हातारी आणि दादरला राहणारा निवृत्त अधिकारी कायद्यापुढे सारखे आहेत. कायदा तसं म्हणतोही. पण अपील ही कशाविरुद्ध करायची गोष्ट आहे, एवढं विचारलं की या उत्तराचा पाया ढासळतो. अपील निर्णयाविरुद्ध होतं. निर्णयाला तारीख लागते, कारण लागतं, सही लागते. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत माणसाला योजनेतून वगळलं जातं तेव्हा यातलं काहीही त्याच्या हातात पडत नाही.

त्याच्या हाती काय पडतं, ते पाहू. रास्त भाव दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की दुकानदार सांगतो, 'तुमचं कार्ड ऑनलाइन दिसत नाही.' किंवा, 'सात माणसं होती ना, आता पाचच येतात.' किंवा, 'केवायसी राहिली आहे, तहसीलला जा.' तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलं की, 'इष्टांक शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात बघा.' पुढच्या महिन्यात सर्व्हर बंद असतो. या संभाषणात 'तुम्ही अपात्र आहात' असं वाक्य कुणी उच्चारतच नाही. नकार दिल्याशिवाय नाकारण्याची ही कला आमच्या प्रशासनाला इतकी साधली आहे की तिच्यापुढे अपिलाची सगळी कलमं मुकाट बसून राहतात.

अन्नसुरक्षा कायदाच घेऊ. २०१३ चा हा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. तक्रारीसाठी कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. अधिकाऱ्यानं सुचवलेला दिलासा कुणी कर्मचाऱ्यानं विनाकारण दिला नाही तर त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कागदावर ही रचना चांगली आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात तर शिधापत्रिका नाकारली किंवा रद्द केली तर अपील करता येईल असं स्पष्टच म्हटलं आहे. मुदत तीस दिवसांची. तीस दिवस कधीपासून? आदेश मिळाल्याच्या तारखेपासून.

इथंच सगळी गोम आहे. आदेश कधी मिळतच नाही. मग तीस दिवस सुरूही होत नाहीत आणि संपतही नाहीत. अपील प्राधिकाऱ्यासमोर गेलाच कुणी, तर पहिला प्रश्न येतो की कोणत्या आदेशाविरुद्ध आलात, प्रत जोडा. मशीनवर दिसलेल्या कोऱ्या पडद्याची प्रत कशी जोडणार?

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे की! आहे, आणि तो चांगला कायदा आहे. अर्ज आला की पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाकारायची असेल तर कारण लेखी नोंदवायचं, आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचं तेही अर्जदाराला लेखी कळवायचं. एवढंच काय, अधिकारी गप्प बसला तर मुदत उलटल्यावर त्या गप्प बसण्याविरुद्धही अपील करता येतं. माझ्या मते राज्याच्या कायद्यांतली ही एक शहाणी तरतूद आहे. पण तिला एक अट आहे: अर्ज केलेला असला पाहिजे आणि त्याची पोच हातात असली पाहिजे. ज्या बाईचं नाव दहा वर्षं कार्डावर होतं आणि एका महिन्यात नाहीसं झालं, तिनं कोणता अर्ज केला होता? नाव काढून टाका असा अर्ज कुणी करत नाही. तिच्यासाठी या कायद्याचं दार उघडायचं तर तिला आधी नव्यानं अर्जदार व्हावं लागतं. म्हणजे सरकारनं काढून घेतलेली गोष्ट आपल्याकडे कधी नव्हतीच असं समजून पुन्हा मागायची. तोपर्यंत गेलेल्या महिन्यांचं धान्य कुठल्याच हिशेबात येत नाही.

आता पात्रतेच्या नियमांकडे वळू, कारण अपिलाचं गाऱ्हाणं गाताना नियम मात्र शास्त्रशुद्ध आहेत असं गृहीत धरलं जातं. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी २०१३ साली ठरलेली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ४४,००० रुपये. दिवसाला कुटुंबामागे १२० रुपये आणि वर थोडी चिल्लर. पाच माणसांच्या घरात माणशी २४ रुपये. संजय गांधी निराधार योजनेत तर आकडा आणखी खाली आहे. ही १९८० सालची योजना. विधवा, परित्यक्ता, निराधार म्हातारी माणसं यांच्यासाठी वर्षानुवर्षं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिन्याला १,७५०. आता रोजगार हमीचं गणित मांडा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेव्हाच्या कायद्यानं कबूल केलेले १०० दिवस काम एखाद्या कुटुंबाला खरंच मिळालं, तर वर्षाचे ३१,२०० रुपये होतात. याचा अर्थ असा, की सरकारनं आपला एक कायदा नीट पाळला तर दुसऱ्या योजनेतून ती विधवा अपात्र ठरते. ती पात्र राहते ती सरकारनं रोजगार हमी पाळली नाही म्हणून.

आणि त्याच राज्यानं जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा किती ठेवली? अडीच लाख रुपये. निराधार बाईसाठी असलेल्या मर्यादेच्या जवळपास बारापट. दोन्ही योजनांत मिळतात महिन्याला १,५०० रुपयेच. निराधार ठरायला तलाठ्याचा दाखला, तहसीलदाराची छाननी आणि तालुका समितीची मंजुरी लागते. बहीण ठरायला विधानसभा निवडणुकीच्या आधीच्या त्या पावसाळ्यात एक हमीपत्र पुरलं. मी लाडक्या बहिणींच्या विरोधात नाही. डहाणूच्या बाजारात त्या पैशानं मुलांच्या वह्या आणि घरातलं तेल-मीठ आलं, हे नाकारणारा माणूस त्या बाजारात कधी गेलेला नसावा. मुद्दा इतकाच, की पात्रता मोजायचं असं काही पक्कं माप सरकारजवळ असतं तर ते एकाच वर्षी, एकाच तालुक्यात, दोन खिडक्यांवर इतकं वेगळं भरलं नसतं.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. दाखल्यावरचा आकडा कुटुंबाचं उत्पन्न पाहून पडत नाही, योजनेची मर्यादा पाहून पडतो, हे महसूल खात्यात कुणाला ठाऊक नाही? शिष्यवृत्तीला एक आकडा, रेशनला दुसरा, निराधारला तिसरा. वापी-उंबरगावच्या कारखान्यात महिन्याला दहा हजार मिळवणाऱ्या मुलाच्या बापाला ४० हजारांचा दाखला मिळतो, आणि ज्याचं खरंच काही नाही त्याला कधीकधी मिळत नाही, कारण दाखल्यासाठी लागणारे पुरावेच त्याच्याकडे नसतात. मी तलाठ्यांना दोष देत नाही. नियम जगायला अशक्य असला की तो राबवणारा माणूस दयेवर किंवा ओळखीवर चालतो. पण मग ज्याला वगळलं तो 'नियमानुसार अपात्र' होता, असं कुठल्या तोंडानं म्हणता?

या सगळ्याच्या वर इष्टांक बसलेला आहे. पुरवठा शाखेत हा शब्द रोज ऐकू येतो आणि बाहेर कुणाला तो माहीत नसतो. अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना धान्य द्यायचं याची कमाल संख्या प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्राची ती संख्या सुमारे ७ कोटी, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के. हे सगळं २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ ची आहे. मधल्या काळात मुलं जन्मली, लग्नं झाली, घरं वेगळी झाली. संख्या मात्र तिथंच. तालुक्याच्या वाट्याचा इष्टांक भरला, की तुम्ही नियमांत कितीही बसत असलात तरी तुमच्या कार्डाला धान्य लागत नाही. आता मला सांगा, या माणसानं अपिलात काय म्हणायचं? मी पात्र आहे? ते अधिकाऱ्यालाही मान्य आहे. अपील जिंकायचं तर कुणाचं तरी नाव निघायला हवं, आणि ते नाव त्याच्याच पाड्यावरच्या शेजाऱ्याचं असण्याची शक्यता जास्त. पात्र असून जागा नाही, या अन्यायावर कुठल्याही अपील प्राधिकाऱ्याकडे औषध नाही. ते संसदेत आणि जनगणना आयुक्तांच्या कार्यालयात आहे.

म्हणूनच 'बोगस शोधा' ही मोहीम दर थोड्या दिवसांनी निघते. इष्टांक मोकळा करायचा तर नावं काढावी लागतात. बोगस आहेत का? आहेत, आणि हे मान्य करायला मला अडचण नाही. सरकारी नोकरांनी धान्य उचललं आहे, मेलेल्यांच्या नावावर पोती गेली आहेत. लाडकी बहीण योजनेत पुरुषांनीसुद्धा पैसे घेतल्याच्या बातम्या आल्या आणि जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख जणांचा लाभ थांबवल्याचं सांगितलं. पण बोगस शोधण्याची रीत पाहा. जो अंगठा देत नाही तो संशयित. जो धान्य उचलत नाही तो नको असलेला. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली, की सहा महिने धान्य न उचललेली कार्डं तात्पुरती थांबवायची आणि तीन महिन्यांत घरी जाऊन तपासायची. दिल्लीत बसून हे वाजवी वाटतं. सहा महिने धान्य लागलं नाही तर गरज नसेलच ना!

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं बिऱ्हाडासह जातात, मुलांना घेऊन, कोंबड्यांना घेऊन. परततात ती पावसाच्या तोंडावर. मोजा किती महिने होतात ते. तलासरी आणि डहाणूची कितीतरी माणसं गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून हंगामभर समुद्रात असतात. त्यांतली काही हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या ताब्यात जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. त्यांच्या अंगठ्याचं काय करायचं, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

उत्तर तयार आहे, ठाऊक आहे मला. 'एक देश एक रेशनकार्ड' आहे, भट्टीजवळच्या दुकानातून धान्य घ्या. केवायसी कुठल्याही दुकानात होते, आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होते. खरं आहे. चेहरा दाखवायला स्मार्टफोन लागतो आणि आधारला जोडलेला नंबर लागतो. तो नंबर बहुधा तीन सिमकार्डांपूर्वीचा असतो. भट्टीवरून दुकानापर्यंत जायचं तर एक दिवसाचं काम मोडतं, आणि उचल घेतलेली असल्यानं मालक सोडत नाही. शिवाय भट्टीजवळचा दुकानदार म्हणतो, माझा कोटा माझ्या गिऱ्हाइकांपुरता आहे. तो खोटं बोलत असेल. पण त्याचं खोटं कुठल्या कचेरीत सिद्ध करायचं, विटा पाडता पाडता?

काढलेली नावं खरोखर बोगस होती का, हे ताडून पाहण्याचा एक मोठा प्रसंग आपल्या शेजारी घडून गेला आहे. तेलंगणात संगणकानं वेगवेगळ्या खात्यांची माहिती जुळवून सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द केल्या. घरी कुणी गेलं नाही, नोटीस दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करा. लाखो माणसांनी स्वतंत्र अपिलं करून हे मिळवलेलं नाही. एका नागरिकाच्या याचिकेवर ते मिळालं. 'ज्यांना तक्रार होती त्यांनी अपील केलं असतं' हा युक्तिवाद तिथंच संपायला हवा होता. ऑस्ट्रेलियातल्या 'रोबोडेट' प्रकरणात सरकारनं संगणकाकडून वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांवर सारखं वाटून लाखो गरिबांवर खोटी कर्जं चढवली. ती बेकायदा असल्याचं २०१९ मध्ये सरकारला न्यायालयात मान्य करावं लागलं आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशननं त्यावर झणझणीत अहवाल दिला. साक्षर देश, घराघरात इंटरनेट, तरी माणसं वर्षानुवर्षं गप्प भरत राहिली. तिथं निदान पत्र तरी यायचं.

आमच्याकडे लेखी नकाराशिवाय काय होतं, याचा पुरावा धान्यापेक्षा जमिनीच्या बाबतीत जास्त स्पष्ट आहे, आणि तो याच भागातला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो वनजमीन कसतो त्या आदिवासीला ती मिळावी. नियमांत असं आहे, की दावा नाकारला तर ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, म्हणजे त्याला साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येईल, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्या विरोधात निकाल द्यायचा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. देशभरच्या लाखो कुटुंबांचा प्रश्न होता. पंधरा दिवसांत केंद्र सरकार स्वतः न्यायालयात धावलं. काय सांगायला? की पुष्कळ ठिकाणी दावा फेटाळल्याचा आदेश दावेदाराला कळवलाच गेला नव्हता, त्यामुळे त्याला अपील करता आलं नाही. २८ फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला. जे मी या लेखात डहाणूच्या वतीनं म्हणतो आहे, ते भारत सरकारनं सर्वोच्च न्यायालयात म्हणून झालेलं आहे.

पुराव्याच्या प्रश्नावरही डहाणूचा जुना अनुभव आहे. १९७८ साली इथं कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या प्रदीप प्रभूंच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्र सरकारविरुद्ध १९८६ सालची याचिका आहे. वनखात्याच्या दप्तरात नाव नाही म्हणून कसणाऱ्याला अतिक्रमणदार ठरवणं, एवढाच तेव्हाचा पात्रतेचा नियम होता. १९९५ मध्ये न्यायालयाचा आदेश झाला. कागद नसला तरी इतर पुरावा विचारात घेऊन दाव्यांची चौकशी करा, असा त्याचा रोख होता. पुढे वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून आला, त्यामागे अशा लढ्यांचा वाटा आहे. पन्नास वर्षं ज्याच्या बांधाला बांध लागून आहे तो शेजारी जिवंत असताना उपग्रहाच्या चित्राला विचारायचं कशाला, हा साधा प्रश्न कायद्यात यायला एवढी वर्षं लागली.

यावरून कुणी असंही म्हणतं, की बघा, संघटना आहेत, पुढारी आहेत, मोर्चे निघतात; मग आदिवासी इतका असहाय कुठला? या मुद्द्यात तथ्य आहे आणि म्हणूनच तो त्यांच्यावर उलटतो. डहाणू-तलासरीइतका संघटित आदिवासी भाग महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर इथल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवण्याची लग्नगडी पद्धत मोडून काढली, त्यासाठी गोळ्या झेलल्या. तेव्हापासून लाल बावटा इथून हललेला नाही. या लोकांना दाद मागता येत नाही असं कोण म्हणेल? ते दाद मागतात, पण पायी चालून. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत तळपाय फुटेस्तोवर चालत आले, त्यांच्या मुख्य मागण्यांत वनहक्काचे पडून राहिलेले आणि फेटाळलेले दावे होते. पुढे मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निकालावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा शब्द अखेरचा होता. आता विचार करा, ज्या व्यवस्थेत अपिलाची एक पायरी वाढवून घ्यायला आधी पावणेदोनशे किलोमीटर चालावं लागतं, त्या व्यवस्थेचं 'अपिलाचा मार्ग खुला आहे' हे वाक्य किती खरं मानायचं? आणि जिथं संघटना नाही, त्या तालुक्यांत काय होत असेल?

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. सरकारी कर्मचारी अपुरे आहेत. तालुक्याच्या पुरवठा शाखेत मोजकी माणसं, त्यांच्यावर हजारो कार्डं. प्रत्येक वगळलेल्या नावामागे नोटीस काढा, सुनावणी घ्या, सही करा म्हटलं तर कामच ठप्प होईल. त्या माणसांची दमछाक मी पाहतो. पण नावं काढायला मनुष्यबळ लागत नाही, काढल्याचं सांगायला मात्र लागतं, ही वाटणी कुणी केली? जो संगणक एका रात्रीत तालुक्यातल्या हजार कार्डांना कुलूप लावतो, त्यालाच तितकीच पत्रं छापायला सांगता येतं: अमुक तारखेला, अमुक कारणासाठी, अमुक व्यक्तीचं नाव थांबवलं आहे, अपील अमुक अधिकाऱ्याकडे, अमुक तारखेपर्यंत. ते पत्र दुकानदारानं धान्याऐवजी हातात ठेवावं. ज्याला वाचता येत नाही त्याला पाड्यावरची शाळेतली पोर वाचून दाखवेल. आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत धान्य चालू ठेवावं. बोगस निघालाच, तर सरकारचं त्या मुदतीतलं माणशी पाच किलो महिन्याला जास्त जाईल. खरा निघाला, तर त्याच्या घरची चूल तेवढे महिने पेटती राहील. दोन चुकांपैकी कोणती परवडते, हे ठरवायला अर्थशास्त्र लागत नाही. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणानं मुलं गेली तो भाग इथून फार लांब नाही, आणि तो आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे.

नवा कायदाही नको आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या व इतर कार्यक्रमांचे लाभार्थी ओळखण्याची किंवा निवडण्याची जबाबदारी त्या कायद्यानं ग्रामसभेवर टाकली आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून आहेत. अन्नसुरक्षा कायदाही म्हणतो की पात्र कुटुंबांची यादी लोकांसमोर लावा, सामाजिक अंकेक्षण करा, दक्षता समित्या नेमा. थोडक्यात, कोण गरीब आहे हे ठरवण्याचा अधिकार इथं कायद्यानं ज्यांना आहे, ती माणसं आज मशीनसमोर अंगठा घासत उभी आहेत आणि निर्णय सर्व्हर घेतो आहे. ग्रामसभा काही देवाची सभा नाही. तिथंही भाऊबंदकी चालते, सरपंचाचे लाडके असतात, पाड्यापाड्यांत चुरस असते. पण ग्रामसभेत कुणी कुणाला वगळलं तर वगळणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि 'का?' असं त्याच जागी विचारता येतं. सर्व्हरला ते विचारता येत नाही.

तेव्हा मागणी छोटी आहे. ज्यांची नावं थांबवायची आहेत त्यांची यादी आधी ग्रामसभेत वाचा. २६ जानेवारीच्या सभेत वाचू नका, तेव्हा अर्धा पाडा भट्टीवर असतो. १ मेलाही नको, तेव्हाही बिऱ्हाडं परतलेली नसतात. १५ ऑगस्टला वाचा. लावणी उरकलेली असते, माणसं घरी असतात आणि ज्याचं नाव वाचलं जाईल तो किंवा त्याची बायको उठून बोलू शकते. बोलणं ऐकूनही नाव काढायचंच ठरलं, तर कारण लिहिलेला, सहीशिक्क्याचा कागद तिथंच त्यांच्या हातात द्या. अपिलाचे तीस दिवस त्या तारखेपासून मोजायला आमची काहीच हरकत नाही.